चोच एक, मापं तीन



जिराफाची मान लांब कशासाठी? मोराचा पिसारा एवढा मोठा कशासाठी? माणसालाच हनुवटी का, माकडाला का नाही? उत्क्रांतीचा विषय निघाला की तुमचे प्रश्न असे भराभर येतात. आणि बहुतेक प्रश्नांत एक शब्द हमखास असतो, 'कशासाठी'.

आपण उत्तरही झटकन देऊन टाकतो. एखादा अवयव बदलला ना? मग त्याचा काहीतरी फायदा असणारच, म्हणून तर तो बदलला! ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण आज या 'म्हणून तर'ला आपण जरा चिमटा काढून बघणार आहोत. त्यासाठी जायचंय पॅसिफिक महासागरातल्या एका ओसाड बेटावर, आणि तिथल्या चिमणीहूनही लहान अशा एका पक्ष्याची चोच मोजायची आहे. चोच एकच, पण मापं मात्र तीन!

काट्यांचं बेट

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत समुद्रात गॅलापागोस बेटांचा समूह आहे. चार्ल्स डार्विन 1835 साली इथे आला होता, हे तुम्ही वाचलं असेल. या समूहात डॅफ्ने मेजर नावाचं एक चिमुकलं बेट आहे. विझलेल्या ज्वालामुखीचं नुसतं टोक पाण्यावर आलेलं. क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. गोडं पाणी नाही, मोठी झाडं नाहीत, उतरायला धड किनारा नाही. नावेतून उडी मारून कड्यावर चढायचं!

अशा या बेटावर 1973 साली पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ नवराबायको आले. आणि मग चाळीस वर्षं, दरवर्षी येत राहिले. त्यांचे विद्यार्थीही येत. सगळी मंडळी तंबूत राहायची. पिण्याचं पाणीसुद्धा सोबत न्यायचं. कशासाठी, तर फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांसाठी.

त्यांतल्या 'मध्यम भू-फिंच' या जातीकडे आपण बघू. हा पक्षी जमिनीवर फिरून बिया टिपतो. वजन साधारण पंधरा-सोळा ग्रॅम. ग्रँट मंडळी बारीक जाळ्यात पक्षी पकडत, त्याच्या पायात रंगीत कडी घालत, व्हर्निअर कॅलिपरनं मापं घेत आणि त्याला सोडून देत. कड्यांच्या रंगांवरून प्रत्येक पक्षी ओळखता येई. कोण कुणाचं पिल्लू, कोण जगलं, कोण गेलं, सगळ्याची वहीत नोंद. बेट लहान असल्यामुळे ही हजेरी घेणं शक्य होतं.

चोचीची मापं तीन. टोकापासून मुळापर्यंतची ती लांबी. डावीकडून उजवीकडे ती रुंदी. आणि चोचीच्या मुळाशी वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जी, तिला आपण जाडी म्हणू. ही तीन नावं नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यांचाच आहे.

पाऊस आलाच नाही

1976 साली पावसाळ्यात डॅफ्नेवर 127 मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या कोकणात एवढा एका दिवसात पडतो, पण तिथे तेवढ्यात भागतं. 1977 साली पडला फक्त 24 मिलिमीटर. गवत उगवलं नाही, झुडपांना नवीन बिया धरल्या नाहीत. पक्ष्यांनी त्या वर्षी घरटी केलीच नाहीत म्हटलं तरी चालेल.

पक्ष्यांनी आधी काय खाल्लं असेल? अर्थातच लहान, मऊ, सोप्या बिया. त्या संपल्या. मग जमिनीवर उरल्या मोठ्या, टणक बिया. त्यांतही मुख्य म्हणजे सराटा.

हो, सराटाच! आपल्याकडे माळरानावर अनवाणी चाललं की पायात रुततो, सायकल पंक्चर करतो, तोच. कुणी त्याला गोखरू म्हणतात. डॅफ्नेवरची जात आपल्या सराट्याची जवळची बहीण. तशीच जमिनीवर पसरणारी, तशीच पिवळी फुलं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला काटे, आणि आत लाकडासारख्या कवचात दडलेल्या बिया. एकदा आपल्याकडचा सराटा चिमटीत धरून फोडायचा प्रयत्न करून पाहा (बोटं जपून!). मग त्या पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याची काय अवस्था झाली असेल, ते कळेल.

ज्यांच्या चोचीत जोर होता, त्यांनी सराटे फोडले. ज्यांच्यात नव्हता, ते उपाशी राहिले. दीड वर्षात शंभरातले सुमारे 85 पक्षी नाहीसे झाले. ज्यांना ग्रँट मंडळी कड्यांच्या रंगांवरून एकेक करून ओळखत होती, असे पक्षी.

उरलेल्यांची मापं मग पुन्हा तपासली. दुष्काळाआधी चोचीची सरासरी जाडी सुमारे 9.4 मिलिमीटर होती. वाचलेल्या पक्ष्यांची सरासरी निघाली जवळजवळ 10 मिलिमीटर. फरक अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. पट्टीवरच्या एका बारीक घराच्या निम्मा! पण जगणं आणि मरणं यांच्यामधे तेवढंच अंतर होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कुठल्याही पक्ष्याची चोच दुष्काळात वाढली नाही. 'चला, सराटे फोडायचेत, चोच जाड करू या' असं कुणी ठरवलं नाही, आणि ठरवून ते होतही नाही. बारीक चोचीचे पक्षी जास्त मेले, जाड चोचीचे कमी मेले, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर गेली. बस्स. आणि जाड चोचीच्या आईबापांची पिल्लंही जाड चोचीची असतात, हे मोजमापांतून आधीच कळलं होतं. त्यामुळे 1978 साली पाऊस आल्यावर जी पिल्लं जन्मली, त्यांच्या चोचीही दुष्काळाआधीच्या पिल्लांपेक्षा जाड निघाल्या. एका दुष्काळात, एका पिढीत, उत्क्रांती डोळ्यांदेखत घडली.

आता खरं कोडं

इथवरची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. बऱ्याच पुस्तकांत ती इथेच संपते. आपली इथे सुरू होते.

कारण ग्रँट मंडळींच्या वहीत नुसती जाडी नव्हती. वाचलेल्या पक्ष्यांची चोच लांबही होती. सरासरी सुमारे 10.7 मिलिमीटरवरून 11.1 वर गेलेली. रुंदही होती, 8.7 वरून 9 वर. आणि त्यांचं वजनही जास्त होतं. सगळीच मापं वाढलेली!

मग यांतलं नक्की कुठलं माप उपयोगी पडलं? जाडी? लांबी? रुंदी? की नुसतं अंगानं दांडगं असणं? तुम्ही म्हणाल, 'सगळीच. सगळी वाढली ना!' पुन्हा आलं ते 'म्हणून तर'.

जरा डॅफ्नेवरून शाळेच्या मैदानावर येऊ. समजा, रस्सीखेचीच्या संघात दोन जागा रिकाम्या आहेत. तुमच्या वर्गातून बारा मुलं उभी आहेत. त्यांतल्या चौघांचं वजन 50 किलो. त्यांच्या उंच्या 156, 158, 162 आणि 164 सेंटिमीटर. दुसरे चौघं 40 किलोचे, उंच्या 146, 148, 152 आणि 154. उरलेले चौघं 30 किलोचे, उंच्या 136, 138, 142 आणि 144. बाराही जणांची सरासरी उंची काढा. बरोबर 150 येईल.

खेळाच्या सरांचं म्हणणं असं की, दोर ओढायला वजन हवं. पण वजन सारखंच असेल, तर बुटका मुलगा बरा. तो पाय रोवून खाली बसतो. म्हणून सरांनी 50 किलोवाल्यांतले दोन सर्वांत बुटके निवडले, 156 आणि 158 उंचीचे.

आता त्या दोघांची सरासरी उंची किती? 157! म्हणजे वर्गाच्या सरासरीपेक्षा 7 सेंटिमीटर जास्त.

बघा हं गंमत. सरांना बुटकी मुलं हवी होती. त्यांनी बुटकीच निवडली. आणि तरी निवडलेली मुलं वर्गापेक्षा उंच निघाली! ज्याला ही निवड कशी झाली ते ठाऊक नाही, तो संघाकडे बघून छातीठोकपणे सांगेल, 'या सरांना उंच मुलं आवडतात. उंची वाढली, म्हणून तर!' आणि तो साफ चुकलेला असेल.

असं का झालं? कारण वजन आणि उंची या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात. वजनदार मुलं बहुधा उंचही असतात. सरांनी वजनाचा हात धरून ओढलं, तशी उंचीही मागोमाग आली.

हात सोडवायचे कसे?

फिंचच्या चोचीचंही असंच. जाड चोच बहुधा रुंदही असते, लांबही असते, आणि ती मोठ्या पक्ष्याला असते. ही मापं एकमेकांत अडकलेली. मग निसर्गानं नक्की कशाला ओढलं आणि मागोमाग काय आलं, हे ओळखायचं कसं?

याचं गणित 1983 साली रसेल लँडे आणि स्टीव्हन अर्नोल्ड या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. गणित मोठ्या वर्गातलं आहे, पण त्यामागचा विचार तुम्हाला आता सहज कळेल. सर काय करत होते? 'वजन सारखं असेल तर' असं म्हणत होते. तेच करायचं. ज्यांची चोच सारख्याच जाडीची आहे आणि अंगही सारखंच आहे, असे पक्षी घ्यायचे, आणि त्यांच्यात रुंद चोचीचे जास्त वाचले की अरुंद चोचीचे, ते बघायचं. मग रुंदी सारखी धरून जाडीचं बघायचं. असं एकेक माप बाकीच्यांपासून सुटं करायचं. प्रत्यक्षात अगदी सारख्या मापांचे पक्षी पुरेसे मिळत नाहीत, म्हणून हे काम गणितानं सगळे पक्षी एकदम घेऊन करतात.

1984 साली ट्रेव्हर प्राइस, पीटर ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॅफ्नेच्या दुष्काळातली मापं या गणितात घातली. उत्तर काय आलं असेल? थांबा. पुढचं वाक्य वाचण्याआधी अंदाज करा.

मोठं अंग फायद्याचं होतं. जाड चोच फायद्याची होती. आणि रुंद चोच? ती तोट्याची होती! जाडी सारखी असेल, तर अरुंद चोचीचे पक्षी जास्त वाचले होते. म्हणजे दुष्काळ चोच अरुंद करायला बघत होता, आणि चोच प्रत्यक्षात झाली रुंद. जाडीनं तिला हाताला धरून ओढून नेलं. हुबेहूब सरांच्या संघातली उंची!

अरुंद चोच बरी का ठरली असेल? पक्कड आठवा. मजबूत हवी हे खरं, पण टोकाला रुंद असेल तर खाचेत शिरत नाही. सराट्याचा तुकडा धरायचा, पिरगाळायचा, फट पाडायची, यासाठी जाड पण अरुंद हत्यार सोयीचं असावं.

म्हणजे आपलं आजचं सूत्र असं: जे बदललं, ते निवडलं गेलंच होतं असं नाही. आणि जे निवडलं जात होतं, ते बदललेलं दिसेलच असंही नाही.

हात कोण धरतं?

ही मापं एकमेकांचा हात धरतात, म्हणजे नक्की काय होतं? याचं एक उत्तर अंड्यात सापडलं.

2004 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या अर्हत अबझानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिंचच्या अंड्यांतल्या गर्भांची चोच कशी घडते ते पाहिलं. शरीर घडवताना पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपानं निरोप पाठवतात. त्यांतल्या बीएमपी-4 नावाच्या प्रथिनाचा निरोप मोठ्या भू-फिंचच्या चोचीत लवकर आणि जास्त जोरात येत होता. मग त्यांनी कोंबडीच्या गर्भात हे प्रथिन मुद्दाम वाढवलं. काय झालं? चोच जाड झाली आणि रुंदही झाली. दोन्ही एकदम! एकाच निरोपानं दोन मापं हलतात, म्हणून ती जोडीनं फिरतात.

लांबीचं मात्र वेगळं निघालं. 2006 साली त्याच मंडळींनी दाखवलं की लांब चोचीच्या निवडुंग-फिंचमधे कॅल्मोड्युलिन नावाचं दुसरं प्रथिन जास्त असतं. त्यानं चालणारी यंत्रणा कोंबडीच्या गर्भात वाढवली तर चोच लांब होते, जाड होत नाही. म्हणजे लांबीचा हात तेवढा घट्ट धरलेला नाही. म्हणूनच तर काही बेटांवर सुईसारख्या लांब, बारीक चोचीचे फिंच होऊ शकले आणि काही ठिकाणी अडकित्त्यासारख्या चोचीचे. मापांची ही बांधणी म्हणजे लोखंडी साखळी नव्हे, दोरी आहे. पुष्कळ पिढ्या ओढत राहिलं तर ती सैल होते. पण एका दुष्काळात नाही.

चोच पुन्हा फिरली

तुम्हाला वाटेल, मग पुढे दर दुष्काळात चोच जाड जाड होत गेली असेल. तसं झालं नाही. 1983 साली एल निनोमुळे डॅफ्नेवर तेराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. वेली माजल्या, सराट्याची झुडपं त्यांच्याखाली दबली, आणि जमिनीवर बारीक बियांचा सडा पडला. पुढची दोन वर्षं पुन्हा कोरडी गेली. पण या वेळी खायला होत्या बारीक बिया, आणि त्या टिपण्यात लहान चोचीचे, लहान अंगाचे पक्षी सरस ठरले. सरासरी खाली आली.

2004 आणि 2005 साली आणखी एक वळण आलं. तोवर 'मोठा भू-फिंच' ही दांडगी जात डॅफ्नेवर वस्तीला आली होती. दुष्काळ पडला तेव्हा सराटे त्या मोठ्या पक्ष्यांनीच फस्त केले. मध्यम फिंचमधले जाड चोचीचे पक्षी या स्पर्धेत हरले, आणि लहान चोचीचे टिकले. म्हणजे 1977 सालच्या दुष्काळात जी चोच जीव वाचवत होती, तीच या दुष्काळात जिवावर बेतली. एचएमजीए-2 नावाच्या एका जनुकाचा यात मोठा वाटा होता, हे 2016 साली कळलं.

'चांगली चोच' अशी काही वस्तू नसते, मित्रांनो. कोणत्या वर्षी, कोणत्या बियांसाठी आणि कोण शेजारी असताना, हे विचारल्याशिवाय चोचीला मार्क देता येत नाहीत.

आपल्याला काय त्याचं?

कुणी म्हणेल, कुठलं बेट, कुठली चोच! पण माणूसही निवड करतोच की. शेतकरी बियाण्यासाठी कणसं निवडतो, गाई-म्हशींची, कोंबड्यांची पैदास करणारे जनावरं निवडतात. मांसासाठीच्या ब्रॉयलर कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या झपाट्यानं वाढणाऱ्या निवडल्या गेल्या. वाढीच्या वेगामागोमाग पायांची दुखणी आणि हृदयाचे विकारही आले. ते कुणी मागितले नव्हते. एक गुण ओढला आणि त्यानं आणखी कुणाचा हात धरलाय ते आधी पाहिलं नाही, तर त्याची किंमत कोंबडी मोजते आणि पाळणाराही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'अमुक अवयव अमुक कामासाठीच झाला' असं ठासून सांगितलं, तर त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारा. त्या अवयवाची मापं किती? आणि ती एकमेकांपासून सोडवून पाहिली का?

करून पाहा

वालाचे किंवा राजम्याचे एकाच जातीचे 30 दाणे घ्या. प्रत्येक दाण्याची लांबी आणि रुंदी मोजा. दाणा पट्टीवर ठेवून दोन्ही बाजूंनी कंपासपेटीतले गुण्ये टेकवले की माप चांगलं मिळतं. मापं वहीत लिहा आणि दोन्ही सरासऱ्या काढा. आता लांबीकडे अजिबात न बघता सर्वांत रुंद 10 दाणे निवडा, आणि त्या दहांच्या लांबीची सरासरी काढा. वाढली का? किती? मग जवळजवळ सारख्या रुंदीचे दाणे वेगळे काढून त्यांच्या लांब्या बघा. त्या सारख्या आहेत, की त्यांच्यात फरक उरला आहे? तो जो फरक उरतो ना, तिथेच खरी गोष्ट लपलेली असते.

मापांचा तक्ता पत्रातून जरूर पाठवा. मात्र दाणे मोजून झाल्यावर आईला परत द्या, आमटीत घालायला लांबी-रुंदी चालते कितीही!